चेहरा नसलेल्या मैत्रिणीला भेटायला जेद्दा

रियाध ते जेद्दा साडेनऊशे किलोमीटर. विमानाने पावणेदोन तास. आम्ही गाडीने गेलो, कारण मी बघेपर्यंत तिकिटं महाग झाली होती. बायकोच्या मते हे दर वेळी होतं.

जायचं कारण नबीला. ती बांडुंगची, म्हणजे इंडोनेशियाची, माझ्या मुलीची, सानिकाची ऑनलाइन मैत्रीण, तिच्याच वयाची. नबीलाचं फॅशनचं अकाउंट आहे. सैल शर्ट, घोळदार पँट, स्कार्फ, जाड तळव्याचे बूट, आणि बघायला हजारो लोक. चेहरा मात्र कुठेच नाही. फोटो गळ्यापासून खाली. तिकडच्या बऱ्याच मुली असंच करतात म्हणे.

"ती मुलगीच आहे कशावरून?" मी विचारलं.

"बाबा, प्लीज! यू आर सो डिप्रेसिंग."

पण नाही म्हणवेना. रियाधमधल्या आमच्या अल मलाझ भागातली सानिकाची जिवलग मैत्रीण वडिलांची नोकरी गेल्यावर कायमची भारतात परतली. तेव्हापासून आमच्या घरात सानिका हसायची ती फक्त नबीलाच्या मेसेजवर. आता नबीला घरच्यांबरोबर मक्केला उमऱ्याच्या यात्रेला आली होती आणि परतताना त्यांची बस जेद्दाच्या बलदमध्ये खरेदीसाठी थांबणार होती. नबीला आलीच नाही, किंवा भलतीच कुणी निघाली, तर परतीच्या वाटेवर पोरीच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

जाणाऱ्यांसाठी: पहाटे निघा. पेट्रोल पंपावरचा चहा प्या, सँडविच खाऊ नका. ताइफनंतर मक्केच्या अलीकडे मुस्लिमेतरांसाठी वेगळा रस्ता फुटतो. बोर्ड भिंतीएवढा आहे, तरी बायकोने तो मला तीनदा वाचून दाखवला. मुक्काम जेद्दाच्या शराफिया भागात करा. खाली केरळी हॉटेल असतंच. परोटा, अंडाकरी, पोट भरतं आणि खिसाही रडत नाही.

बलद म्हणजे जुनं जेद्दा. वर लाकडी सज्जे, खाली दुकानं. आमचं मराठी ऐकून अबाया, म्हणजे बायकांचे काळे झगे, विकणाऱ्या हमीदभाईंनी हाक मारून स्टुलं दिली. मूळचे दाभोळचे. गिऱ्हाइकांशी घडाघडा इंडोनेशियन बोलत होते.

"शिकलात कुठे?" मी विचारलं.

"हितंच. ह्यांच्याशिवाय धंदा नाय. पोरांना मराठी येत नाय, पण ही भाषा येते, बोला!"

मग बस आली आणि आमची पंचाईत झाली. उतरलेल्या सगळ्या बायका जांभळ्या बाटिकमध्ये. गर्दीत माणूस हरवू नये म्हणून उमऱ्याचा अख्खा ग्रुप एकाच कापडाचे कपडे शिवून घेतो. म्हणजे चेहरा माहीत नाही आणि कपडे सगळ्यांचे तेच.

"झालं! आता शोधा," बायको म्हणाली.

सानिका खाली बघत होती. एकदम किंचाळली, "द शूज!" आणि धावत सुटली.

मुलगीच होती. चष्मा, गालाला खळी. दोघी मिठी मारून रडल्या, मग लाजल्या, मग बोलायला सुचेना म्हणून शेजारी बसून एकमेकींना मेसेज करू लागल्या. नबीला मला 'ओम' म्हणाली. मी हात जोडणार होतो, तेवढ्यात सानिकाने सांगितलं की तिकडे काकाला ओम म्हणतात. बायकोने शंकरपाळ्यांचा डबा काढला. हमीदभाईंनी नबीलाच्या फोनवर आम्हा चौघांचा फोटो काढला. मीही दोघींचा काढला आणि शिरस्त्याप्रमाणे फॅमिली ग्रुपवर टाकला.

बस सुटायच्या आत चिपळूणच्या माझ्या बहिणीने तो स्टेटसला ठेवला होता. भोवती गुलाब. तो सानिकाला दिसला.

"बाबा! तिचा फेस!"

नबीलाने फोन हातात घेऊन पाहिला. "चेहरा घरच्यांसाठी असतो, ओम," ती इंग्रजीत हळूच म्हणाली आणि बसमध्ये चढली. वळून बघितलं नाही.

मी बहिणीला फोन लावला. "काढ तो फोटो."

"का रे? गोड आल्यात की पोरी!"

"काढ म्हणतो ना!"

काढला. मीही ग्रुपवरचा काढला. तोवर निम्म्या चिपळूणने पाहिला होता.

परतीचा रस्ता चांगला आहे, एवढंच सांगू शकतो. सानिकाचा फोन मांडीवर पालथा होता. सॉरीचे तिचे सगळे मेसेज पोचले होते, उत्तर नव्हतं. मला फार वाईट वाटत होतं. मी पंपावर थांबून तिला आइस्क्रीम आणलं. ते वितळलं.

मलाझला परतून आठवडा होत आला तेव्हा आतल्या खोलीतून हसू ऐकू आलं. सानिका फोन घेऊन धावत आली. नबीलाच्या अकाउंटवर हमीदभाईंनी काढलेला फोटो होता, गळ्यापासून खाली. जांभळं बाटिक, सानिकाचा कुर्ता, शंकरपाळ्यांचा डबा धरलेले बायकोचे हात, आणि कडेला माझा पट्ट्यापट्ट्यांचा टी-शर्ट, पोटावर ताणलेला. खाली इंडोनेशियनमध्ये एक ओळ.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"घरची माणसं," सानिका म्हणाली. मराठीत.

रात्री बहिणीचा फोन. "काय रे, तो एक काढायला लावलास, मग जेद्दाचा दुसरा एकसुद्धा फोटो नाही ग्रुपवर?"

"नाही," म्हटलं. "चांगले आले नाहीत."