सिंकखालची नळी

माझ्या नणंदेला आम्ही सगळे ‘भिंग’ म्हणतो. नळाच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात ती तक्रारींचं टेबल सांभाळते. फुटून परत आलेली नळी उभी चिरायची, भिंगाखाली धरायची आणि सांगायचं, आपोआप गेली की कुणी बिघडवली. साहेबांना दर वेळी गिऱ्हाइकाची चूक हवी असते, गिऱ्हाइकाला कारखान्याची. ही दिसेल तेच सांगते, म्हणून दोघांच्या शिव्या खाते आणि बढतीच्या वेळी कुणाला आठवत नाही. मग फोनवर तो सगळा राग माझ्या कानात ओतते. मीही ऐकते, माझाही कुठेतरी ओतायचा असतोच.

गेल्या आठवड्यात तिच्यापुढे माहेरचीच नळी आली.

सासरे एकटे राहतात. दुपारी ते झोपलेले असताना सिंकखालची नळी फुटली आणि पाणी झिरपत खालच्यांच्या गादीवर पोचलं. आम्ही धावलो. फरशी पुसून होईपर्यंत नवऱ्याचा निकाल तयार होता.

“बाबांनीच काहीतरी खुडबुड केली असणार. आता पुरे झालं. घराला कुलूप लावू, बाबा आपल्याकडे येतील.”

आपल्याकडे म्हणजे हॉलमधल्या दिवाणावर, आणि चहा, औषधं, पथ्यपाणी माझ्याकडे. मला कुणी विचारलं नाही. सासऱ्यांनाही नाही.

“माझं घर आहे रे अजून,” ते म्हणाले.

“नळी आपोआप गेली असेल तर राहा खुशाल. तुम्ही बिघडवली असेल तर चला. आपलं भिंगच सांगेल.”

भिंग आली ती चप्पल काढून थेट सिंकखाली शिरली. नळीवरची स्टीलच्या तारांची वीण तिने बोटाने चाचपली. बहुतेक तारा गंजून तुटलेल्या, टोकं काळपट, कमीजास्त लांबीची. एका जागी मात्र नळी चेपलेली, आणि तिथे वरून करकचून गुंडाळलेली एक वेगळीच, चकचकीत तार. मग तिने फरशीवर टॉर्च मारला. तिथे पातेल्याच्या बुडाचा गोल डाग होता.

“बाबा, इथे पातेलं ठेवत होतात?”

सासरे खिडकीबाहेर बघत राहिले. “ठेवायचो. भरलं की ओतायचो.”

“आणि तार?”

“मीच गुंडाळली. पक्कडीने पीळ दिला. थांबलं होतं की गळणं थोडे दिवस.”

“बघ!” नवरा उसळला. “म्हटलं नव्हतं मी?”

“थांब रे दादा.”

“थांबायचं काय? आपोआप की बाबांनी? एका शब्दात सांग.”

झालं. ती सिंकखालून बाहेर आली ती भडकूनच.

“एका शब्दात! साहेबही हेच, तूही हेच! तळ्यात की मळ्यात खेळतोयस का? नळी जुनी होती, गंजली, गळायला लागली. ते आपोआप. मग तार आवळून तिचा उरलासुरला जीव काढला, तो बाबांनी. पण मधे इतके दिवस ती नुसती गळत होती. तेव्हा प्लंबर का नाही आला, हे कुणी विचारणार आहे का?”

कुणी विचारलं नाही, म्हणून मी विचारलं. “का नाही सांगितलंत, बाबा?”

“कुणाला सांगू? याला सांगितलं की हा नळी नाही बदलत, माझं घर बदलायला निघतो. मागे दिवा गेला तेव्हाही कुलपाचीच भाषा.”

दिव्याची गोष्ट खरी होती. मी तिथेच होते आणि गप्प बसले होते. आता मला नवऱ्याचा इतका राग आला की हातातलं फडकं मी बादलीत आपटलं. भिंगने पिशवीतून नवी नळी काढून त्याच्यापुढे धरली. ती घेऊन तो सिंकखाली शिरला. थोड्या वेळाने त्याचा हात पक्कड शोधत बाहेर आला.

“हाताने आवळ,” सासरे म्हणाले. “पक्कड नको.”

हात परत आत गेला. बराच वेळ नुसता खुडखुड आवाज येत राहिला. मग आतूनच तो म्हणाला, “पुढच्या वेळी गळलं की फोन करा.”

“करीन,” सासरे म्हणाले. “येताना कुलूप आणणार नसशील तर.”