सूछ्योंगची साल

दक्षिण चीनमधल्या शिनहुईत संत्र्याचा गर फुकट आणि वाळवून वर्षानुवर्षं मुरवलेली साल मोलाची, हे सिचुआनहून लग्न होऊन आलेल्या सूछ्योंगला कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्याच हिवाळ्यात तिने टोपलीभर संत्री सोलली, फोडी ताटात सुबक रचल्या आणि साली डुकरांपुढे टाकल्या. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. गल्लीने तिचं नाव पाडलं ‘सालफेकी’.

पण बाई जिद्दीची. सालीच्या तीन पाकळ्या करायच्या, मात्र तळाशी जोडलेल्याच ठेवायच्या. उत्तरेचा कोरडा वारा सुटला की उन्हात वाळवायच्या. दमट वसंतात बरणीचं झाकण चुकूनही उघडायचं नाही. सगळं शिकली, सासूच्या टोमण्यांसकट. वर्षं गेली, तिच्या साली मुरून काळपट झाल्या. तरी पाहुण्यांच्या चहात पडायची ती सासूबाईंचीच साल. हे सूछ्योंगला फार लागायचं, आणि का लागू नये?

यंदा सासूबाईंचं पोट बिघडलं. दोन घास खाल्ले की फुगायचं. शेवटी त्यांनी खाणंच सोडलं आणि ती खमकी म्हातारी अंथरुणाला खिळली. वैद्यबुवांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली. म्हणाले, “पोटात ओल साचलीय. जुनी साल घालून भाताची पातळ पेज द्या. पोटात अन्न गेलं नाही, तर माझं औषध काय करणार?”

सासूबाईंची बरणी नातीच्या लग्नातच रिकामी झाली होती.

“माझी आहे ना, आई,” सूछ्योंग म्हणाली.

“तुझी? त्यापेक्षा उपाशी मरेन!”

“मरा खुशाल. पण आधी पेज प्या. नाहीतर गल्ली म्हणेल, सालफेकीनं सासूला उपाशी मारलं.”

बोलून तर गेली, पण पेज ढवळताना तिने पुन्हा पुन्हा चव घेऊन पाहिली. माणूसही हातचं जायचं आणि सालही खोटी ठरायची, ही भीती.

म्हातारीने नाक मुरडत वाफ हुंगली. पुन्हा हुंगली. मग घोट घोट करत वाडगा संपवला. साल कशी लागली ते ऐकायला सूछ्योंग उष्टा वाडगा घेऊन उभी राहिली.

आणि असा दणदणीत ढेकर आला, की भिंतीपलीकडून लामकाकू ओरडल्या, “अगं बाई! कुणाचा गं हा?”

सासूबाई उशीला टेकून उठून बसल्या. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज चढवून म्हणाल्या, “ढेकर माझा! साल माझ्या सुनेची! आहे का तुझ्या घरात अशी?”