कपाळाएवढी फळी

फळीअज्जा जमिनीवर लंगडत चालायचे, फळीवर चढले की ताठ. दिग्गी गावाकडे भाताच्या शेतात चिखल केला की रेड्यांच्या जोडीमागे आडवी फळी बांधतात. तिच्यावर माणूस उभा राहतो आणि फळी घसरत घसरत शेत सपाट करते. पाय हुकला की तोंडात चिखल. अज्जांचा पाय साठी उलटली तरी हुकत नव्हता.

फळीचं माप ते माणसाशेजारी उभी धरून घेत. "जवानाला कपाळाएवढी, म्हाताऱ्याला छातीएवढी," हे त्यांनी गावाला शिकवलं. लांब फळी वळणावर हिसका देते. तो सोसायला गुडघे लागतात. स्वतःची मात्र जवानीतलीच. पाठ वाकली तशी ती डोक्याच्याही वर गेली.

"मामंजी, फळी वाढली व्हय?" सून हसली.

"फळी न्हाई गं, मीच आखूड झालो."

मी रानाच्या हक्कासाठी सभा घ्यायला खानापुराकडून आलेला, त्यांच्याच पडवीत उतरलेला. म्हणालो, "अज्जा, कापून टाका की वीतभर."

"आन् माझा पोरगा सोमा हिवतापातनं उठला की त्येला काय देऊ? बापाचं थोटूक?"

दुसरी फळी करायची तर रानातल्या झाडाला हात लावायची सरकारी बंदी. ज्यांच्या पणज्यांनी हे रान राखलं, त्यांनाच त्यातली एक फळी चोरावी लागते! हा कायदा नव्हे, दरोडा आहे. मी म्हणालो, "चला, उघड झाड तोडू. होऊ दे खटला."

"तुला तुरुंगात भात मिळतो, बाबा. हितं लावणी चुकली तर वरीसभर चूल न्हाई."

फळी कापली नाही. ते तिच्यावरच चढले. दुसऱ्याच वळणावर हिसका बसला आणि ते बांधावर आपटले. कंबर मोडली. आम्ही धावलो, तर म्हणाले, "आधी रेडं धरा."

आठवडाभरात गेले.

सुतक होतं, पण चिखल वाट पाहत नाही. तापानं पिवळा पडलेला सोमा तीच फळी घेऊन शेतात उतरला. पहिल्या वळणावर डगमगला, मग सावरला. बायका मागून रोपं लावत गेल्या. कुणी गायलं नाही, कुणी रडलंही नाही.

मी बांधावर उभा होतो. पत्रकासाठी कागद खिशात होता. राग येईल म्हणून बराच वेळ थांबलो. आला नाही. मग कासोटा वर खोचला आणि रोपांची एक जुडी उचलली.