श्रवणमित्रांची खिडकी

चार नंबरच्या समिती-खोलीत बाई गेली अकरा वर्षं खुर्च्या मांडत होत्या, चहा देत होत्या. सगळी इमारत त्यांना खुर्चीबाई म्हणायची. बाईंनीही आमदारांना नावं ठेवली होती. पण ती मनातल्या मनात, आणि जास्त चपखल.

सत्तेतला तो घसाफाड. खाली सभागृहात उभा राहिला की "अध्यक्ष महोऽऽदय, हे दरोडेखोर आहेत, दरोऽऽडेखोर!" अशी आरोळी ठोकायचा, की माइकलाच धाप लागावी. विरोधातला तो लोणी. "सन्माननीय सदस्यांच्या... बुद्धीबद्दल... मला... करुणा वाटते," असं थांबत थांबत, हसत हसत समोरच्याला सोलायचा. दोघं एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, अशी सगळ्या शहराची समजूत.

आणि दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी हेच दोघं जिना चढून चार नंबरमध्ये.

"काय रे, गुडघा काय म्हणतो?" लोणी विचारायचा.

"तुझ्या भाषणासारखा. कुरकुरतो आणि पुढे सरकत नाही. वहिनी बऱ्या?"

कारण चार नंबरमध्ये श्रवणमित्र गट भरायचा. ऐकू न येणाऱ्यांच्या भल्यासाठी, सर्व पक्षांच्या आमदारांचा मिळून. शत्रूबरोबर चहा का पितोस, असं इथे कोणाची विचारायची सोय नव्हती. बहिऱ्यांसाठी जमलोय म्हटलं की विचारणाराच खजील. पहिली दहा मिनिटं कानांची. मग खिडकी. दोघं दोघं जण खिडकीशी जायचे, कोण आलं-गेलं दिसावं म्हणून खोलीकडे तोंड करून उभे राहायचे आणि रस्त्याच्या गोंगाटात आवाज बुडवून कुजबुजायचे. त्या खिडकीशी पूल ठरले, कॉलेजं ठरली, कोणाच्या साडूची बदली झाली, कोणाच्या भाच्यावरची चौकशी विरून गेली. कानांचं तेवढं काही ठरलं नाही.

बाईंना हे सगळं ठाऊक होतं, कारण त्या ओठ वाचत. यजमान यंत्रमागाच्या शेडमध्ये तीस वर्षं काढून ठार बहिरे झाले, तेव्हा ओठ वाचायच्या वर्गाला दोघं जोडीनं गेले होते. यजमान कसेबसे पास, बाई पहिल्या. आवाज लपवला म्हणजे बोलणं लपत नाही, हे कानांच्या नावानं अकरा वर्षं बिस्किटं खाणाऱ्या एकाही महाभागाच्या डोक्यात आलं नव्हतं.

बाई सगळं पाहायच्या आणि कपबश्या उचलायच्या. मेले, म्हणायच्या, आणि पुढची बशी उचलायच्या.

पण त्या गुरुवारची गोष्ट वेगळी होती. बाईंचा मुलगा आता त्याच शेडमध्ये मागावर होता, पाच वर्षं. घरी टीव्हीचा आवाज महिन्यागणिक चढत होता. काही म्हटलं की वसकन अंगावर यायचा: "मला ऐकू येतं! तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस!" आणि कारखान्यांच्या नव्या कायद्यात एक कलम येऊ घातलं होतं. मागावरच्या प्रत्येकाचे कान दर वर्षी तपासायचे. बिघडताना दिसले, तर त्याच पगारावर शेडबाहेरचं काम द्यायचं. तीन पक्षांच्या सह्यांनिशी गटाची शिफारस गेली तर कलम टिकणार होतं. आज शेवटचा दिवस. शिफारस टाइप होऊन टेबलावर पडली होती.

तिसरी सही एकट्याची. पक्षाचा तो एकुलता एक आमदार, म्हणून एकट्या. तो बिस्किटांच्या बशीपाशी ठाण मांडून बसला होता.

खिडकीशी घसाफाडाचे ओठ हलले. "ते कानाचं काढ रे. कारखानदार माझं डोकं खातायत."

लोणी हसला. "काढतो. बंदराचा रस्ता माझ्या मतदारसंघातून गेला पाहिजे."

"गेला समज. आणि एकट्या?"

"त्याला काय कळतंय? बिस्किटं सरकव."

दोघं टेबलाशी परतले. लोण्यानं घसा साफ केला. "मित्रहो... विषय फार... नाजूक आहे. अधिक... अभ्यास व्हावा."

"पुढच्या अधिवेशनात बघू!" घसाफाड गरजला आणि त्यानं बशी एकट्याकडे सरकवली.

"चालेल की," एकट्या तोंड भरून म्हणाला.

बाईंनी किटली दाणकन टेबलावर ठेवली. "साहेब," त्या एकट्याला म्हणाल्या, "हे आत्ता खिडकीशी म्हणाले, ते कानाचं काढ रे, कारखानदार माझं डोऽऽकं खातायत." आवाज घसाफाडाचा, धापेसकट. मग बाईंची मान तिरकी झाली, ओठांवर लोणी पसरलं. "हे म्हणाले... काढतो. बंदराचा... रस्ता... माझ्या मतदारसंघातून. आणि तुमच्याबद्दल म्हणाले, त्याला काय कळतंय? बिस्किटं सरकव."

"बाई! चोरून ऐकता?" घसाफाडानं डोळे वटारले.

"ऐकलं नाही, साहेब. पाहिलं. तुम्ही कानांचे मित्र, तुम्हाला कळायला हवं होतं."

एकट्यानं हातातलं बिस्कीट बशीत ठेवलं. बाईंना वाटलं, आता हा मागावरच्या माणसांबद्दल दोन शब्द बोलेल.

"रस्ता?" एकट्या म्हणाला. "आणि मला काय? बिस्किटं?"

"खोटं बोलतेय ती!" घसाफाड ओरडला.

"मग जातो खाली. तुमच्या पक्षाला सांगतो, यांच्या बायकोची तब्येत तुम्हाला पाठ आहे. आणि यांच्या पक्षाला सांगतो, तुमच्या खांद्यावर कोणाचा हात असतो. बघू कोण खोटं म्हणतंय."

दोघांचे चेहरे पिठासारखे पांढरे पडले. ही मैत्री खाली कळली असती, तर दोघांची सालटी त्यांच्याच माणसांनी काढली असती. तिघं मिळून पुन्हा खिडकीशी गेले, या वेळी खोलीकडे पाठ करून. परत आले तेव्हा एकट्याला नवं बसस्थानक मिळालं होतं, आणि शिफारशीवर तीन सह्या झाल्या.

त्याच दुपारी आणखी एका कागदावर त्याच तिघांच्या सह्या झाल्या. खुर्चीबाई उद्धट आहेत, त्यांना तळघरातल्या जुन्या फायलींकडे पाठवावं. सगळ्यात वरची सही एकट्याची होती.

"मेले," बाई म्हणाल्या आणि तळघरात गेल्या.

कलम टिकलं. चार महिन्यांनी शेडमध्ये तपासणी झाली. मुलाचा डावा कान निम्मा गेलेला निघाला, उजवा अजून शाबूत. त्याला मागावरून उठवून गठ्ठे बांधायला बसवलं. तो घरी आला तो दार आपटूनच.

"तूच केलंस ना हे? सगळे हसतायत! विणकर होतो मी, आता सुतळीला गाठी मारतोय!"

यजमान त्याच्या ओठांकडे बघत बसले. बाई ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. पाठमोऱ्याच राहून, अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "हात धू आधी."

"नाही धुणार जा!" मुलगा खेकसला.

ऐकू गेलं होतं. बाईंनी डोळे पुसले आणि त्याचं ताट वाढलं.