न्यायाच्या दिवसाआधी

हॉटेलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत तिला सगळे कडकताई म्हणत. कांजी कडक, इस्त्री कडक, आणि जिभेबद्दल तर बोलायलाच नको. चादरीवर सुरकुती राहिली की नव्या मुलींना म्हणायची, "हा काय माझा गाल आहे? परत टाक." मुली तोंड फिरवून हसायच्या. पण कुणाला बरं नसलं की तिच्या वाटच्या चादरी कडकताईच ओढून घ्यायची.

आई गेली तेव्हा धाकटा भाऊ शाळेत होता. त्याला मोठं करता करता हिच्या लग्नाचं राहूनच गेलं. तो तिच्यापेक्षा हातभर उंच झाला, तरी तिच्या तोंडी छोट्याच राहिला. पुढे तिनंच शब्द टाकून त्याला हॉटेलात चिकटवलं. इस्त्रीचे कपडे पाहुण्यांच्या खोल्यांत पोचवायचं काम होतं.

एकदा एका पाहुण्याच्या कोटातली अंगठी गेली. कोट छोट्यानं पोचवला होता. मॅनेजरांनी बहीणभावाला समोर उभं केलं आणि तिला म्हणाले, "ताई, याला तुम्ही वाढवलंत. तुम्हीच सांगा, हा घेईल का?"

छोट्या तिच्याकडे बघत राहिला. ती फरशीकडे. घेतली असली तर? आपण छातीठोक सांगायचं आणि उद्या तोंडघशी पडायचं? ती अशी घुटमळत राहिली आणि तिचं गप्प बसणं हेच उत्तर ठरलं. छोट्याला त्याच दिवशी काढलं. घरी येऊन त्यानं कपडे पिशवीत कोंबले. जाताना 'येतो' म्हणाला नाही.

अंगठी कधीच सापडली नाही. छोट्या दूर कुठल्याशा बंदरावर बोटी रंगवतो, लग्नही केलंय, एवढं मावशीकडून कळलं. ताईनं त्याची खाट हलवली नाही. कुणी झोपत नसलेल्या उशीचा अभ्रा ती नेमानं धुवायची, इस्त्री करायची आणि परत चढवायची.

चर्चमध्ये न्यायाच्या दिवसाची गोष्ट निघाली की इतर बायका चुळबुळत. हिला मात्र त्या दिवसाची ओढ होती. त्या दिवशी प्रभू परत येणार, सगळं झाकलेलं उघडं पडणार, मग अंगठीचंही खरंखोटं होणार. छोट्या निर्दोष निघेल आणि आपण त्याला सगळ्यांदेखत हाक मारू, असं तिनं मनाशी धरलं होतं.

एका रविवारी म्हातारे पाळक आजारातून उठून उपदेशाला उभे राहिले. आवाज खोल गेला होता. म्हणाले, "तो दिवस येणार, हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं. तुम्ही माना डोलावता, आणि शेजाऱ्याचं काय होईल याचा विचार करत घरी जाता. तिथे बघ्यांना जागा नाही. ज्याला त्याला आपापलं विचारतील. कुणाला दाराबाहेर ठेवलं असेल तर आजच त्याच्याकडे जा. उद्याचा दिवस मिळेल, असं कुणी सांगितलंय तुम्हाला?"

ताई घरी जाताना मनात तेच घोळवत राहिली. छोट्याचं छोट्याला विचारतील. आपल्याला विचारतील, तू गप्प का बसलीस? इतकी वर्षं तिनं छोट्याच्या निकालाची वाट बघण्यात घालवली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं सुट्टी टाकली. मुलींना वाटलं, ताईला काहीतरी झालं. ती बसमध्ये बसून बंदरावर गेली आणि विचारत विचारत गोदीत पोचली. छोट्या एका उलट्या बोटीखाली पाठीवर पडून रंग लावत होता. केस कानांजवळ पिकले होते.

"छोट्या," ती म्हणाली.

तो बाहेर आला. हात पुसत त्यानं विचारलं, "मावशी गेली का?"

"नाही. मावशी ठणठणीत आहे. मीच आले. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. माझं चुकलं."

"आज कसं सुचलं?"

"पाळक म्हणाले, न्यायाचा दिवस जवळ आलाय."

तो हसला, पण डोळ्यांतून नाही. "म्हणजे भीतीपोटी आलीस."

"हो. भीती नसती तर अजून चादरीच ओढत बसले असते."

"अंगठीचं नाही विचारणार?"

"नाही. ते तू आणि देव बघा. मला माझंच पुरे आहे."

त्यानं ब्रश रॉकेलच्या डब्यात टाकला. "चल, चहा घे," म्हणाला. घरी त्याच्या बायकोनं वन्सं म्हणून नमस्कार केला. बोलणं तुटक तुटक झालं. तो तिला बसपर्यंत सोडायला आला. ती म्हणाली, "घरी येशील?"

"आत्ता नको, ताई. जमेल असं वाटत नाही अजून. तू येत जा."

ती जाऊ लागली. सणासुदीची वाट न बघता, सुट्टी मिळेल तशी. गप्पा हळूहळू मोकळ्या झाल्या. भावजय तिच्याकडून कांजी करायला शिकली. छोट्या मात्र तिच्या घरी एकदाही आला नाही, आणि तिनं पुन्हा विचारलं नाही.

हल्ली चर्चमध्ये 'प्रभो, लवकर ये' अशी प्रार्थना सुरू झाली की ती ओठ मिटून घेते. पाळकांच्या ते लक्षात आलं. त्यांनी हळूच कारण विचारलं, तर म्हणाली, "येऊ दे ना त्याला. मी कुठे नाही म्हणते? फक्त आधी माझा भाऊ घरी येऊन जाऊ दे."