सुभेदारांनी घेतलेली पॅनेलभरती

पाण्याच्या धंद्यात किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. पूलच्या गाळणीत पानं साठतात तसे ते आपोआप साठतात. वेळेवर काढले नाहीत तर मोटार तापते, म्हणून अधूनमधून चार दोस्त जमवून मी ते उपसतो!

माझं मलकापूरला दुकान आहे. आधी आम्ही शेतीचे पंप, स्टार्टर, केबल एवढंच विकायचो. मग लोकांनी मळ्यात बंगले बांधले, बंगल्यापुढं स्विमिंग पूल आले, आणि आम्ही पूलची मशिनरी विकायला लागलो. वायरिंगचं सगळं काम सलीमभाईकडं. त्याच्या घरात वडिलांपासून मोटार रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटारीची तार नव्यानं गुंडाळायचं काम, चालतं. माझा डिप्लोमा आहे, त्यामुळं गिऱ्हाईक मला ‘इंजिनियर’ म्हणतं आणि काम सांगताना सलीमभाईकडं बघतं.

आज एकाच घरचे किस्से सांगतो. निकम सुभेदारांच्या घरचे.

* * *

सुभेदार म्हणजे मिलिटरीतून रिटायर झालेला माणूस, मिशा अजून नोकरीवर. मलकापूरपासून थोडं पुढं नदीकाठाला ऊस. मुलगा सैन्यातच, लांब सरहद्दीवर. सून स्वाती गावच्या शाळेत शिक्षिका.

एक दिवस दुकानात आले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, “इंजिनियर, घरी पूल करायचा हाय.”

मला वाटलं, नातवंडांसाठी असेल. तर म्हणाले, “आमच्या अक्कासाठी.”

अक्का म्हणजे त्यांची बायको. अख्खं गाव तिला अक्का म्हणतं, तसे हेही म्हणतात. तिला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की कोमट पाण्यात रोज चालवा, पाण्यात शरीर हलकं होतं, पाय शिकतात. पण पाणी एकसारखं कोमट पाहिजे आणि स्वच्छ पाहिजे. सुभेदार दिवसभर मळ्यात, सून शाळेत. तापमान, फिल्टर, पाण्यात टाकायचं औषध हे सगळं बघायला घरात माणूस नाही. म्हणून ऑटोमॅटिक कंट्रोल सिस्टीम.

“कशी पाहिजे सिस्टीम?” मी विचारलं.

“मिस्ड कॉलवर चालनारी.”

त्यांच्या मळ्यातल्या मोटारी मोबाईल स्टार्टरवर होत्या. घरात बसून एक कॉल दिला की उसाला पाणी सुरू! मी समजावलं, की सुभेदार, हा पूल आहे, उसाचा फड नाही. त्यांनी माझ्याकडं कीव केल्यासारखं बघितलं.

“पानी त्ये पानीच की रं!”

* * *

खड्डा खणायला घेतला तसं गाव बघायला यायला लागलं. सगळ्यांचं एकच मत, सुभेदार शेततळं करतायत. एकानं सल्ला दिला, “कडंनं नारळ लावा.” दुसरा म्हणाला, “मासं सोडा, चांगलं वाढत्यात.”

टाइल्स बसायला लागल्यावर तिसरा कोड्यात पडला. “सुभेदार, माशाला फरशी कशाला?”

सुभेदार शांतपणे म्हणाले, “सवय लावतोय. उद्या बंगल्यात राहायला येनार हायत!”

* * *

आता सिस्टीम निवडायची वेळ आली. मी तीन कंपन्यांची पॅनेलं सुचवली. सुभेदार म्हणाले, “कागदावर भरती हुत न्हाई. जवान म्होरं उभा करा.”

आणि त्यांनी खरोखर भरती घेतली! तिन्ही डेमो पॅनेलं विहिरीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये ओळीनं टांगायला लावली. वर मे महिन्याचं ऊन. सुभेदार हात मागं बांधून समोर उभे, शेजारी मी, आणि मेन स्विचपाशी सलीमभाई. कंपन्यांची पोरं घामानं भिजून एका कडेला उभी होती.

“बंद!” सुभेदार ओरडले. सलीमभाईनं मेन पाडला.

“चालू!” मेन वर.

पहिलं पॅनेल फार देखणं होतं. रंगीत दिवे, धबधबा, पाण्याखाली गाणी, सगळं त्यात होतं. पण लाईट जाऊन आली की त्याचं घड्याळ रात्री बारावर जाऊन बसायचं. बाहेर टळटळीत दुपार, आणि हे म्हणतंय मध्यरात्र झाली, हीटर बंद!

सुभेदारांनी मान हलवली. “ह्यो झोपंतनं उठला की गाव इसरतोय. अनफिट!”

दुसऱ्याला एक फेज काढून बघितला. आमच्याकडं फेज जाणं म्हणजे पाहुणा येण्यासारखं, कधीही. त्या पॅनेलनं काही न बघता मोटार तशीच ओढायला सुरुवात केली आणि ती गुरगुरायला लागली. ती जळायच्या आत सलीमभाईनं झटकन मेन पाडला.

“ह्यो आंधळा हाय,” सुभेदार म्हणाले. “शूर हाय, पन आंधळा.”

तिसरं पॅनेल दिसायला अगदीच साधं. फेज गेला तेव्हा गप्प बसलं, फेज आला तेव्हा थोडं थांबून, अंदाज घेऊन सुरू झालं. वेळ, तापमान, सगळं त्याच्या ध्यानात.

सुभेदार त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग पुढं होऊन त्यांनी त्याची छाती ठोकली. म्हणजे झाकण!

* * *

पण भरती तिथं संपली नाही. स्वाती म्हणाली, “मामा, ज्यांच्यासाठी घेताय त्यांना कुणी विचारलं का?”

आम्ही सगळे पुरुष एकमेकांकडं बघायला लागलो.

पॅनेल घरात आणलं. अक्का खाटेवर बसलेली. त्या पॅनेलला दोन प्रकारचा पुढा, म्हणजे दर्शनी भाग, मिळायचा, एक टचस्क्रीनचा आणि एक बटणांचा. टचस्क्रीन महाग म्हणून मी आधी तोच पुढं केला. अक्काचा उजवा हात चालत नव्हता आणि डाव्या हाताला नुकतंच मालिशचं तेल लागलेलं. तिनं बोट टेकवलं. काही नाही. परत टेकवलं. काही नाही.

“इंजिनियर, मी ह्येला दिसत न्हाई व्हय?”

मग बटणांचा पुढा दिला. मोठी, टपोरी, रबरी बटणं. अक्कानं डावं कोपर उचललं आणि हिरव्या बटणावर दाबलं. टक्! दिवा लागला. ती खुदकन हसली. सुभेदार खिडकीतून बाहेर ऊस बघायला लागले. झटक्यानंतर ती पहिल्यांदाच हसली होती, हे स्वातीनं मला नंतर सांगितलं.

टचस्क्रीन मी गुपचूप खोक्यात भरला.

* * *

पूल भरला, पाणी तापलं, औषधाचं प्रमाण बसलं. मी सगळं तपासून परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वातीचा फोन आला, “दादा, मशीन वेड लागल्यासारखं ओरडतंय!”

आम्ही गाडी काढली. जाऊन बघतो तर वाईहून गुरुजी आलेले. पाण्याची साग्रसंगीत पूजा झालेली. दूध, दही, मध, हळद, कुंकू, सगळं पाण्यात! घागरीनं अभिषेक केला होता. मशिनला पाण्यात घाण दिसली, म्हणून ते क्लोरीन सोडत राहिलं. सोडून सोडून दमलं, आणि शेवटी दिवा लाल करून बोंब मारत उभं राहिलं.

गुरुजी म्हणाले, “आता जल पवित्र झालं.”

सलीमभाईनं कपाळाला हात लावला. “गुरुजी म्हनत्यात पवित्र झालं, मशीन म्हनतंय नासलं. आमी ऐकायचं कुनाचं?”

अक्का व्हरांड्यातून म्हणाली, “दोगांचं बी ऐका. फिल्टर चालू करा, आन् परसाद खावा.”

फिल्टर चालत राहिला आणि आम्ही शिरा खात बसलो. तसा शिरा मी परत खाल्ला नाही.

* * *

मग सुरू झाली तापमानाची लढाई. सुभेदार जाता-येता पाण्यात हात घालायचे, त्यांना ते गार वाटायचं, ते दोन आकडे वाढवायचे. स्वाती शाळेतून आली की कमी करायची. शेवटी मी पॅनेलला पासवर्ड टाकून दिला आणि आकडा बदलायचा तर दोघांनी मिळूनच बदला म्हणालो.

इथं माझं चुकलं. पासवर्ड म्हटल्यावर सुभेदारांमधला पहारेकरी जागा झाला. त्यांनी रोज पासवर्ड बदलायला सुरुवात केली! छावणीत तसाच नियम असतो म्हणे. एक दिवस सकाळी नवा टाकला, दुपारी उसाला पाणी पाजलं, संध्याकाळी पॅनेलसमोर उभे राहिले आणि काही म्हणता काही आठवेना.

आम्ही रिसेट करायला गेलो, तेव्हा अक्काचं चालू होतं, “अख्ख्या नोकरीत कवा दुस्मन छावनीत शिरला न्हाई, आन् आता तुमचा हीटर पळवाय येनार हाय व्हय?”

सुभेदार अटेन्शनमध्ये उभे होते.

* * *

सगळेच किस्से हसायचे नाहीत. एक असाही.

स्वाती रोज शाळेच्या आधी अक्काला पाण्यात उतरवायची. छातीइतक्या पाण्यात, कडेचं रेलिंग धरून, अक्का चालायची. पाण्यात पाय उचलला जायचा. पण बाहेर आलं की तोच पाय दगड व्हायचा. वॉकरशिवाय एक पाऊल नाही. पावसाळा गेला, दिवाळी झाली, तरी तेच.

एकदा फिल्टर धुवायला गेलो होतो. सुभेदारांनी मला पंपरूममध्ये बाजूला घेतलं. आवाज अगदी खाली.

“इंजिनियर, ह्या मशीनमदी आनखी काय घालता येतं का? मोठं मॉडेल आसंल तर बोला. माज्यानं तिचं त्ये बगवत न्हाई.”

विकायला माझ्याकडं पुष्कळ होतं, पण त्यांना पाहिजे होतं ते कुठल्याच कॅटलॉगमध्ये नव्हतं. फार वाईट वाटलं.

सलीमभाई वायरला टेप गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, “सुभेदार, मोटार रिवाइंड केली की आमी लगीच लोड देत न्हाई. आदी रिकामी फिरवतो. गुंडाळी बसू द्यावी लागती.”

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला.

“मग फिरू दे रिकामी,” म्हणाले, आणि चहा सांगायला घरात गेले.

* * *

आणि हा परवाचा.

शेजारची पोरं कुंपणावरून येऊन पाण्यात उड्या मारायला लागली, म्हणून आम्ही त्या सिस्टीमला एक गजर जोडून दिला. पाण्यात कुणी उतरलं की पंपरूममधला भोंगा वाजतो आणि सुभेदारांच्या व माझ्या मोबाईलवर निरोप येतो. मोबाईलवरून तो बंद करता येत नाही. बंद करायचं बटण भोंग्याखालीच, पंपरूमच्या भिंतीवर. पंपरूम म्हणजे पूलपासून अंगण ओलांडून, गोठ्याच्या पलीकडं. अक्काला पाण्यात उतरवायच्या आधी स्वाती तिथं जाऊन तो बंद करून यायची.

त्या दिवशी माधवनगरला नात्यातलं लग्न होतं. सुभेदार आणि स्वाती तिकडं गेले. अक्का नको म्हणाली. सोबतीला शेजारची मंदा बसवलेली.

दुपारी माझा मोबाईल किंचाळला. पाण्यात कुणीतरी आहे! पाठोपाठ सुभेदारांचा फोन. या माणसाचा आवाज कापताना मी कधी ऐकला नव्हता.

“इंजिनियर, मंदा डेअरीत दूध घालाय गेलीय. घरात अक्का एकलीच हाय. आमी निगतोय, पन वरात आडवी आलीय, गाडी निगंना. तुमी पळा!”

आम्ही पळालो. सलीमभाईनं गाडी अशी हाणली की मी डोळे मिटून घेतले. अर्ध्या वाटेत मोबाईलवर दुसरा निरोप आला. गजर बंद झाला होता.

“लाईट गेली आसंल,” सलीमभाई म्हणाला.

“तो बॅटरीवर चालतो,” मी म्हणालो. सलीमभाईनं गाडी आणखी हाणली.

फाटकात पोचलो तेव्हा मंदा रिकामी किटली घेऊन समोरून येत होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. व्हरांड्यात वॉकर उभा, त्यावर टॉवेल वाळत घातलेला. आम्ही पळत पूलपाशी गेलो.

अक्का पाण्यात होती. छातीइतक्या पाण्यात, साडीचा पदर खोचून, मधोमध चालत होती. रेलिंग लांब राहिलं होतं.

“या,” ती म्हणाली. “च्या ठेवाय सांगा मंदाला.”

मी तिथंच कडेला खाली बसलो. तेव्हा मला फरशी दिसली. पूलच्या पायरीपासून अंगणातून पंपरूमकडं ओली पावलं गेली होती, आणि तिकडून परत आली होती. एक पाऊल नीट, एक जरा फरफटलेलं. सलीमभाईला पण ती दिसली. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

सुभेदारांचा व्हिडिओ कॉल आला. मी मोबाईल पाण्याकडं धरला. स्क्रीनवर नुसत्या मिशा आणि मागं वरात.

“अक्का! बरी हायस न्हवं? आन् त्यो भोंगा कुनी बंद केला?”

“मी केला,” अक्का म्हणाली. “कवाचा बोंबलत हुता.”

स्क्रीनवरच्या मिशा एकाएकी बाजूला झाल्या आणि नुसता बँड ऐकू यायला लागला.

“आवं,” अक्का मोबाईलकडं बघून म्हणाली, “ऐकाय येतंय का? जेवला का न्हाई तुमी?”