बॅटरीचा पाट

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली एक पाट आहे. त्यावर माणूस बसत नव्हता. बायकोच्या स्कूटीची बॅटरी बसायची.

ठाकुर्लीला आमची जुनी बिल्डिंग. लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आणि खाली पार्किंगमध्ये लाईटचा पॉइंट नाही. म्हणून रोज संध्याकाळी सीट उचलायची, बॅटरी काढायची, वर आणून चार्जिंगला लावायची, सकाळी परत खाली न्यायची. हे काम माझं. चालवणं तिचं. मला चालवता येत नाही. सायकल सोडून मी जन्मात काही चालवलेलं नाही.

ती डोंबिवलीच्या दुकानांच्या साड्यांना फॉल-बीडिंग करून द्यायची. साड्यांचे गठ्ठे घेऊन रिक्षासाठी उभं राहून कंटाळली आणि ही गाडी घेतली. हळू जाणारी, लायसन न लागणारी. साठीला आलेली बाई गाडी शिकली. मी मागे बसायचो, गठ्ठा मांडीवर धरून. नाक्यावरचे रिक्षावाले ओरडायचे, "काका, घट्ट धरा, काकी उडवतायत!" ही मान न वळवता म्हणायची, "तुमच्या बायकांना पाठवा, शिकवते. मग बसा तुम्ही पण मागे."

पहिली बॅटरी शिशाची होती. धोंडा नुसता. केमिकल कंपनीत ड्रम उचलून माझी कंबर आधीच गेलेली. धापा टाकत दारात आलो की ही आतून विचारायची, "आले का जावई? थांबा, पाट मांडते." फरशी ओली असायची म्हणून पाट. खरा जावई गणपतीला येतो. हा रोज यायचा.

"लाईट तेवढी खातो," ती म्हणायची, "बाकी मागणं नाही काही. खऱ्यापेक्षा बरा."

"पोरीसमोर बोलू नकोस असं."

"तिलाच तर सांगितलंय."

ती बॅटरी मेली तेव्हा लिथियमची घेतली. ही हलकी. हलकी म्हणजे तरी दळणाचा भरलेला डबा. मेकॅनिक म्हणाला, पुढे आणखी हलक्या येतील, चहा पिऊन होईस्तोवर भरतील. हिला ते फार पटलं. घरी येताना मला सांगते, "माझ्या पर्समध्ये मावेल एवढी निघाली ना, की तुम्ही सुटलात."

मी म्हटलं, "तोवर आपण असू का?"

"तुम्ही असाल. तुम्ही कुठे मरताय."

पर्समधली बॅटरी येईपर्यंत खाली एक पॉइंट द्या, म्हणून ही सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगला जायची. बाया कोपऱ्यात बसायच्या, ही पुढे. "वेगळा मीटर लावा, माझं बिल मी भरते. ह्यांच्या कंबरेचं काय ते बघा." सेक्रेटरी म्हणायचा, काकी, वायर लटकते, धोका आहे. कोणीतरी म्हणायचं, एका स्कूटीसाठी एवढा खर्च? विषय पुढच्या मीटिंगला जायचा. ही पण जायची.

दसऱ्याच्या थोडं आधी सकाळी छातीत दुखतंय म्हणाली. कल्याणला हॉस्पिटलात नेलं. दुपारी संपलं. घरी आलो तेव्हा बॅटरी पाटावर होती, चार्जरचा दिवा हिरवा. मी प्लग काढला. रडू आलं नाही. लोकं म्हणाली, आतल्या आत बसलंय. आत पण काही नव्हतं.

कार्य झालं, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅटरी खाली नेली, गाडीत बसवली. संध्याकाळी वर आणली. गाडी हललेली नव्हती. चार्जर लावला की लगेच हिरवा. तसंच रोज. पहिल्या मजल्यावरच्या बाईने विचारलं, "काका, गाडी जागची हलत नाही, मग चार्जिंग कसलं?" मी सांगितलं, बॅटरी पडून राहिली की मरते. ते खरं आहे. पण त्यासाठी महिन्यातून एखाद्या वेळी लावली तरी चालते. ते मी तिला सांगितलं नाही.

मुलगी फोनवर म्हणते, "बाबा, विकून टाका. बॅटरीत जीव आहे तोवर चार पैसे येतील. नंतर भंगारवाला पण नाही नेणार." चुकीचं बोलत नाही ती. मी म्हणतो, बघू.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या पोराने इलेक्ट्रिक कार घेतली. कार काही तिसऱ्या मजल्यावर नेता येत नाही. लगेच मीटिंग, लगेच मीटर, लगेच पॉइंट. कोणाची वायर लटकली नाही. सेक्रेटरी स्वतः दारात आला.

"काका, सुटलात! हमाली बंद. आता सगळ्यांनी खालीच लावायचं, बॅटरी वर न्यायची नाही. घरात पेट घेतला तर कोण जबाबदार? ठरावच केलाय."

मी म्हटलं, "मी वरच आणली तर?"

"असं काय करता? आणि नारळ तुम्ही फोडायचा. मागणी काकींचीच होती ना."

"तिची होती तेव्हा धोका आहे म्हणालेलास."

तो खाली बघायला लागला. "तेव्हा मागणाऱ्या त्या एकट्याच होत्या, काका."

"हो. एकटीच होती."

तो गेल्यावर मी बसून राहिलो. मला दिवसाला दोन कामं होती. एक सकाळी खाली नेणं, एक संध्याकाळी वर आणणं. त्याच्यामध्ये जेवायचो. ती दोन कामं काढली तर घरातून निघायला कारण नाही आणि घरी यायला पण नाही. ठराव मोडला असता मी. सेक्रेटरीशी भांडायला मी घाबरत नाही, कंपनीत युनियनमध्ये होतो. पण हे मागणं हिचं होतं. माझ्या कंबरेसाठी मीटिंगला जाऊन जाऊन मागितलेलं. तिच्याशी कसं भांडायचं?

रविवारी नारळ फोडला. टाळ्या वाजल्या, पेढे वाटले. कारवाला पोरगा चांगला आहे. मला सांगत होता, काका, थोडी वर्षं जाऊ द्या, अशा बॅटऱ्या येतील की पेट घेणार नाहीत, गाडी मोडेल पण बॅटरी मोडणार नाही. मी म्हटलं, "पर्समध्ये मावेल अशी येईल का?" तो हसला. "मोबाईलची आहेच की, काका." मी पण हसलो थोडा. त्याला काय माहीत.

मग त्याने स्कूटीची वायर कुठे लावायची ते दाखवलं. बॅटरी काढायची गरजच नाही, सीटखाली तशीच राहते. दिवा लगेच हिरवा झाला. सगळे पांगले. मी दिव्याकडे बघत उभा राहिलो.

रिकाम्या हाताने वर आलो. दुसऱ्या मजल्यावर थांबलो. तिथे मी बॅटरी कठड्यावर टेकवून दम खायचो. टेकवायला काही नव्हतं. दम पण लागला नव्हता. तरी थांबलो.

घरात येऊन भात लावला. ओट्याखालचा पाट ओढला, फडक्याने पुसला. बॅटरीच्या बुडाचा चौकोनी डाग आहे त्यावर, तो जात नाही. ताट खाली ठेवलं आणि पाटावर बसून जेवलो. डॉक्टरने खाली बसू नका म्हणून सांगितलंय. उठताना ओटा धरून उठलो.